अफरवटवर किती पडेल?

स्कीइंग शिकायला गुलमर्गला जायचं तर तारीख कशी ठरवायची, या एका प्रश्नावरून माझं आणि माझ्या मामाचं गेले काही हिवाळे वाजतंय. मामा हवामान खात्यातून निवृत्त झाला. नोकरीची बरीच वर्षं पुण्याच्या सिमला ऑफिसात गेली, मधली काही श्रीनगरला. स्की त्याने कधी पायात घातली नाही, पण मी ज्या बर्फावरून घसरते तो त्याने मोजलाय. मी सह्याद्रीत भटकत वाढले, तिशी ओलांडल्यावर गुलमर्गला चौदा दिवसांचा बेसिक कोर्स केला आणि तेव्हापासून वर्षाची रजा हिवाळ्यासाठी साठवून ठेवते. त्याचं म्हणणं, अंदाज न बघता डोंगरावर जाणं हा अडाणीपणा. माझं म्हणणं, अंदाजामागे धावणाऱ्याला स्कीइंग कधीच येत नाही. यंदा हा वाद पुन्हा झाला तेव्हा मी तो लिहून काढला, कारण गुलमर्गला, औलीला किंवा मनालीला पहिल्यांदा निघालेल्या माणसाच्या उपयोगाचं बरंच काही त्यात आलं.

मामा : फेब्रुवारीचा दुसरा आठवडा म्हणतेस. कशावरून ठरवलास?

मी : रजा तेव्हा मिळतेय. आणि फेब्रुवारीत बर्फ असतो.

मामा : ‘असतो’ ही झाली सरासरी. २०२४ चा जानेवारी आठव. चिल्लई कलान चालू होता, २१ डिसेंबर ते ३० जानेवारी, काश्मीरच्या थंडीचे सगळ्यांत कडक चाळीस दिवस. आणि गुलमर्गच्या मैदानावर वाळलेलं गवत. बर्फ आला तो महिना सरता सरता. पुढच्या वर्षी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीला गुलमर्गला सुरू व्हायच्या होत्या. पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलल्या, त्या ९ मार्चला सुरू झाल्या.

मी : म्हणजे माझ्याच बाजूचं बोललास की! स्पर्धा भरवणाऱ्यांच्या हाताशी अख्खं हवामान खातं असतं, तरी तारीख हुकली. कारण तारीख जाहीर करावी लागते कितीतरी आधी. माझंही तसंच. डिसेंबरात रजेचा अर्ज, त्याच सुमाराला विमानाचं तिकीट, कोर्सची जागा तर त्याहून आधी. तुमचा खात्रीचा अंदाज येतो आठवडाभर आधी, तोवर माझं सगळं ठरून गेलेलं असतं. निर्णय झाल्यावर येणाऱ्या अंदाजावर निर्णय घ्यायचा कसा?

हा मुद्दा मला आजही पक्का वाटतो आणि मामाने तो खोडला नाही. अंदाजाला तू नेमकं काय विचारतेस, एवढंच तो म्हणाला.

मी : काय विचारणार? कधी पडेल आणि किती पडेल.

मामा : हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींच्या उत्तरांवर सारखा विश्वास ठेवायचा नसतो. ‘कधी’ हे आधी घेऊ. काश्मीरचा हिवाळी बर्फ येतो पश्चिमी विक्षोभातून. भूमध्य समुद्राच्या बाजूला ही लाट उठते आणि वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येते. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा. सगळे दमदार नसतात, काही नुसते ढग दाखवून पुढे निघून जातात. पण विक्षोभ निघाला की वाटेत दिसतो. उपग्रहांना दिसतो, विमानांच्या नोंदींत, फुग्यांच्या नोंदींत येतो. त्यामुळे तो येणार का आणि कोणत्या दिवशी, हे पाच दिवस आधी सांगणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांना अंदाजाची पोच सुमारे एका दिवसाने वाढत गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा परवाच्या दिवसाबद्दल ज्या बेताने बोलायचो, त्याच बेताने आज पोरं पाचव्या-सहाव्या दिवसाबद्दल बोलतात.

मी : आणि त्यापुढे?

मामा : त्यापुढे धूसर होत जातं. एडवर्ड लॉरेन्झने १९६३ साली दाखवलं की सुरुवातीच्या नोंदीत कणभर फरक राहिला तरी तो वाढत वाढत सगळा अंदाज फिरवतो. दोन आठवड्यांच्या पुढे अमुक दिवशी अमुक होईल असं बोलण्यात अर्थ उरत नाही. म्हणून तर आता एका अंदाजावर कुणी विसंबत नाही. युरोपचं हवामान केंद्र एकाच वेळी ५१ अंदाज चालवतं, प्रत्येकाची सुरुवात किंचित वेगळी. त्यातले ४५ मंगळवारी बर्फ म्हणाले तर मंगळवार धरून चाल. निम्मेच म्हणाले तर दोन्ही तयारी ठेव. तुझं ॲप यातलं काही दाखवत नाही. ते एकच आकडा फेकतं, ‘मंगळवारी ३८ सेंटिमीटर’, आणि तू बॅग भरायला घेतेस.

मी : मी नाही भरत. भरणारे खूप पाहिलेत.

मामा : आणि महिनाभराचं बघायचं असेल तर खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं. त्यात दिवस नसतात, आठवड्याचा कल असतो, सरासरीपेक्षा जास्त की कमी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा कल फार ताणू नये. पण सलग तीन गुरुवार कोरडं दाखवत असतील तर निदान त्याची दखल घ्यावी.

मी : बरं, ‘कधी’ झालं. आता ‘किती’?

इथे मामा खुलतो. त्याने कागद घेतला आणि डोंगर काढला.

मामा : हे गुलमर्गचं मैदान, सुमारे २,६५० मीटर. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, ३,१०० च्या आसपास. दुसरा अफरवटच्या खांद्यावर, ३,९५० च्या आसपास. उभं अंतर तेराशे मीटर, आडवं अंतर पाच किलोमीटरांच्या आत. आता मॉडेल. जगाची हवा ते चौकोनांत कापतं आणि प्रत्येक चौकोनाला एक उंची, एक तापमान, एक पाऊस देतं. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संस्थेने केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम २०२५ च्या मे महिन्यात रुजू झाली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा, त्याआधी बारा किलोमीटरचा होता. ही मोठी मजल आहे, आणि आपल्या पाषाणच्या लोकांनी मारलेली आहे. तरीसुद्धा सहा किलोमीटरच्या चौकोनात तुझं मैदान, कोंगडोरी आणि अफरवट एकत्रच पडू शकतं. हवा दर किलोमीटर चढाला साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे वर उणे आठ असेल तेव्हा खाली शून्य. खालच्या शून्यात दोन अंशांची चूक झाली, की बर्फाऐवजी पाऊस.

मी : ॲप तर वरचा, मधला, खालचा असे तीन वेगळे आकडे देतं.

मामा : मॉडेलच्या आकड्याला उंचीचं गणित लावून काढलेले. गणित वाईट नाही, पण त्याला पीरपंजालची ही नेमकी घळ आणि तिथला वारा ठाऊक नसतो. शिवाय मॉडेलच्या हाती असतं पाणी. एक मिलिमीटर पाण्याचा एक सेंटिमीटर बर्फ, हे धोपट गणित. कडाक्याच्या थंडीत त्याच पाण्याचे दीड-दोन सेंटिमीटर होतात, शून्याच्या जवळ जेमतेम अर्धा. म्हणजे ३८ च्या जागी २० पडले काय आणि ६० पडले काय, पाण्याचा अंदाज बिनचूक असू शकतो. आणि पडल्यावर वारा तो कड्यावरून उचलून पलीकडे नेऊन टाकतो तो वेगळाच.

मी : मग तुम्ही तरी अंदाज बरोबर आला की चुकला, हे कसं ठरवायचात?

मामा : मोजून. पर्जन्यमापकात बर्फ साचलेला असतो. सकाळी साडेआठच्या नोंदीला त्यात मोजून घेतलेलं कोमट पाणी ओतायचं. बर्फ विरघळला की सगळं मोजपात्रात घ्यायचं, वाचायचं आणि ओतलेलं पाणी वजा करायचं. हातमोजे काढल्याशिवाय मोजपात्र धरता येत नाही आणि काढले की बोटं बधिर. बर्फाची जाडी वेगळी, खांबावरच्या खुणांवरून. पण वारा असला तर बर्फ मापकाच्या तोंडावरून उडून जातो, आत पडतच नाही. कागदावर कमी, डोंगरावर जास्त. ज्या आकड्याने अंदाजाला पास-नापास करायचं तो आकडाच असा असतो. म्हणून सेंटिमीटरवरून कुणी ‘अंदाज खोटा ठरला’ म्हणालं की मी विचारतो, मोजलं कुणी आणि कुठे?

मी : म्हणून मी ॲपपेक्षा तिथल्या माणसाला फोन करते.

मामा : हॉटेलवाल्याला?

मी : नाही, माझ्या इन्स्ट्रक्टरला. तो टंगमर्गचा आहे, रोज सकाळी उतारावर उभा असतो.

मामा : मग चालेल. ज्याची खोली विकायची आहे त्याला बर्फ विचारू नये. अमेरिकेत जॉनथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या स्की रिसॉर्टांच्या नोंदी तपासल्या. रिसॉर्टवाले ताजा बर्फ शनिवार-रविवारी २३ टक्के जास्त सांगत होते. ढगांना काही शनिवार-रविवार कळत नाही.

मी : हे मला माहीत नव्हतं.

मामा : पुढचं ऐक. स्की करणाऱ्यांना फोनवरून तिथल्या तिथे खरी परिस्थिती लिहिता यायला लागली, तशी ही फुगवाफुगवी कमी झाली. म्हणजे फोनचा उपयोग आहे. अंदाजाचं ॲप आणि उतारावरच्या माणसाची खबर, यांतली दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

एवढं बोलणं झाल्यावर मी माझी बाजू मांडायला घेतली. बर्फाचा अंदाज हा शब्द निघाला की सगळे ताज्या बर्फाचाच विचार करतात. ताजा, भुसभुशीत, मांडीपर्यंतचा. जगभरातून लोक अफरवटवर येतात ते त्याच्यासाठी. पण शिकणाऱ्याला तो नकोच असतो, आणि हे पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणी सांगत नाही.

मी : तीन फूट पडणार म्हणून खूश होऊन निघालेला नवशिका काय करतो ते मी पाहिलंय. श्रीनगरचं विमान रद्द होतं. विमान मिळालं तर टंगमर्गला गाडी अडते, कारण वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. वर पोचला तर गोंडोला बंद. आणि हे सगळं सुरळीत झालं तरी गुडघाभर मऊ बर्फात नवशिक्याची स्की रुतते. त्याला वळता येत नसतं, थांबता येत नसतं, आणि पडला की उठायला टेकू मिळत नाही, हात खांद्यापर्यंत आत जातो. शिकायला हवा दाबून सपाट केलेला बर्फ. आधीच साचलेला. आणि वर स्वच्छ आकाश. तेव्हा मामा, शिकणाऱ्यासाठी तुझा अंदाज उलटा वाचायचा, ज्या आठवड्यात पडणार नाही तो आठवडा चांगला.

मामा : साचलेला असेल तर.

मी : हो, साचलेला असेल तर.

मामा : मग इथेच तुझं गणित अडतं. नवशिक्याचे उतार कुठे आहेत? मैदानावर. २,६५० मीटरवर. दुष्काळ पडला की आधी उघडं पडतं ते मैदान. अफरवटवर तेव्हाही थोडाफार असतो, पण तो तुझ्या नवशिक्याच्या काय कामाचा? औलीचंही तेच. म्हणजे ज्याला अंदाजाची गरज नाही असं तू म्हणतेस, कोरड्या वर्षाचा फटका सगळ्यांत आधी त्यालाच बसतो.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. एवढंच म्हणता येतं की पहिल्या कोर्ससाठी जानेवारीची सुरुवात टाळावी आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरावा. २०२५ सारखं वर्ष आलं तर तोही हुकतो. पण मामाला मी दुसऱ्या बाजूने धरलं.

मी : तू दिवसांचा विचार करतोस, मी वर्षांचा करते. स्कीइंग यायला किती काळ लागतो, सांग.

मामा : तूच सांग. तू करतेस.

मी : पहिले दोन-तीन दिवस तर घसरणं कमी आणि चढणं जास्त. लिफ्ट नंतर. आधी स्की पायात घालून आडवं उभं राहायचं आणि खेकड्यासारखं एकेक पाऊल वर टाकत जायचं. बुटात पोटरी आवळलेली, घोटा हलत नाही, मांड्या भरून येतात. मग टोकं जुळवून, मागे फाकवून स्नो-प्लाऊ, म्हणजे ब्रेक. ठीकठाक तब्येतीच्या मोठ्या माणसाला चार दिवसांत मंद उतारावर हवं तिथे थांबता येतं. दोन आठवड्यांच्या शेवटी वळणाला वळण जोडत खाली येता येतं. लोकांना वाटतं, झालं, आलं स्कीइंग.

मामा : आणि झालेलं नसतं.

मी : अजिबात नाही. कारण खरी अडचण पायांत नसते. आपण सह्याद्रीतली माणसं. घसाऱ्यावरून उतरताना आपण काय करतो? वजन मागे टाकतो, वेळ आली तर बूड टेकवतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं ते. स्कीवर वजन मागे टाकलं की स्कीची टोकं हलकी होतात, बर्फ धरत नाहीत, आणि वेग वाढतो. वेग वाढला की भीती, भीतीने माणूस आणखी मागे. स्की वळवायची तर छाती दरीकडे द्यावी लागते. नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची, वळणाच्या बाहेरच्या, म्हणजे दरीकडच्या पायावर जवळजवळ सगळं वजन द्यायचं, आणि डोंगराकडे झुकायची ओढ मोडून काढायची. हे डोक्याला पहिल्या तासात समजतं. अंगाला समजायला दोन हंगाम लागतात. आणि मधल्या दहा-अकरा महिन्यांत अंग पुन्हा विसरतं. दरवर्षी पहिले दोन दिवस जुनी भीती परत मोडण्यात जातात.

मामा : म्हणजे वर्षाला आठवडा जाणारा माणूस...

मी : वर्षाला आठवडा जाणारा माणूस पाच दिवसांचंच शिकतो. म्हणून मी म्हणते, सलग दोन आठवडे, सलग तीन-चार हिवाळे, बर्फ जसा असेल तसा. कडक असेल, दुपारी विरघळून चिखलासारखा जड झाला असेल, धुकं असेल, तरी. पॅरलल वळणं, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेली, दाबलेल्या उतारावर नीट यायला बहुतेकांना दुसरा-तिसरा हंगाम लागतो. अफरवटच्या माथ्यावरून मोकळ्या, न दाबलेल्या बर्फात आत्मविश्वासाने उतरायला त्याहून पुष्कळ. आणि जो अंदाज बघून, चांगला आठवडा असेल तरच जाईन म्हणतो, त्याचे दोन हिवाळे हुकतात आणि तिसऱ्या वर्षी तो पुन्हा स्नो-प्लाऊवर असतो.

मामा : पण मग याला ‘प्रावीण्य’ म्हणायचं का? प्रावीण्य आरिफ खानचं. वडिलांचं गुलमर्गला स्कीचं दुकान, पोरगा चार वर्षांचा असताना स्कीवर उभा राहिला. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू. जायंट स्लालममध्ये ४५ वा आला, आणि सुवर्णपदकवाल्या मार्को ओडरमाटच्या मागे सदतीस सेकंदांहून जास्त. सगळं आयुष्य बर्फावर घालवून सदतीस सेकंद! तू तिशीत सुरुवात करून काय गाठणार?

मी : सेकंद मला गाठायचेच नाहीत. पण तू त्या शर्यतीचं नाव काढलंस ते बरं केलंस. १३ फेब्रुवारी २०२२, यानचिंग. त्या डोंगरावरचा सगळा मार्ग यंत्राने केलेल्या कृत्रिम बर्फाचा, घोटून दगडासारखा कडक केलेला. आणि नेमका त्याच दिवशी आभाळातून खरा बर्फ कोसळायला लागला. पुढचं दार, म्हणजे वळायच्या खुणेचे खांब, दिसेना, दुसरी फेरी उशिरा सुरू करावी लागली. निघालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे शेवटपर्यंत पोचलेच नाहीत, आणि त्यांत आल्प्समध्ये वाढलेले नावाजलेले लोक होते. आरिफ पोचला. गुलमर्गच्या पोराला पडत्या बर्फात, न दिसणाऱ्या उतारावर उभं राहायची सवय आहे. मला प्रावीण्य म्हणून हे हवंय. बर्फ कसाही मिळो, त्यावरून आपल्या पायांनी खाली येता यावं. त्याला दहा वर्षं लागली तर लागोत.

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने कागदावरच्या अफरवटच्या उतारावर, माथ्याच्या जरा खाली, एक आडवी रेघ मारली.

मामा : कसाही मिळो म्हणालीस, तिथेच माझा आक्षेप आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखूडला हिमकडा सुटला, दोन पोलिश स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीपटू गेला, खाली खेलो इंडियाच्या स्पर्धा चालू असताना. हे नवशिके नव्हते. वळणं त्यांना तुझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगली येत असणार. आता ही रेघ बघ. कोरड्या हिवाळ्यात सुरुवातीला थोडासा बर्फ पडतो आणि मग बरेच दिवस काहीच नाही. पातळ थर. खालची जमीन शून्याच्या आसपास, वरची हवा उणे दहा, उणे पंधरा. त्या फरकाने बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि तळाच्या कणांचे मोठे, कोरडे स्फटिक होतात, एकमेकांना न धरणारे, साखरेसारखे सुटे. मग सगळे ज्याची वाट बघत असतात तो मोठा विक्षोभ येतो आणि या सुट्या थरावर दोन-तीन फुटांची जड लादी बसते. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर ती सुटायला एका माणसाचं वजन पुरतं. आणि नेमका तोच उतार तुम्हा लोकांना आवडतो.

मी : आणि नेमका तोच दिवस. आकाश उघडल्यावरचा पहिला.

मामा : हां. म्हणून म्हणतो, अंदाज तारखेसाठी बघू नकोस, ते मी सोडलं. तू डिसेंबरात तिकीट काढ. पण ज्या दिवशी तिकीट काढशील त्या दिवसापासून बघायला लाग. कधी पडला, किती पडला, मध्ये किती दिवस कोरडे गेले, थंडी किती होती. डीजीआरई या सरकारी संस्थेचं हिमकड्यांचं बुलेटिन येतं, धोक्याच्या एक ते पाच पातळ्यांचं, ते रोज वाच. तू उतारावर उभी राहशील तेव्हा पायाखाली जे असेल ते त्या आठवड्याच्या अंदाजात नसतं, अख्ख्या हिवाळ्याच्या नोंदीत असतं. आणि हे वाचता येत नाही तोवर तुला स्कीइंग येतं असं मी म्हणणार नाही, पॅरलल काय न्‌ काय!

आमच्या सगळ्या वादात मला पटलेली गोष्ट ही. अंदाज तिकिटासाठी उशिरा येतो, पण डोंगरासाठी वेळेवर येतो. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर उतरून, गस्तीच्या हद्दीबाहेर जाणारी पुष्कळ मंडळी मी बघते. अंगावर महागडं जॅकेट, हातात कॅमेरा, आणि सोबत गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारा ट्रान्सिव्हर नाही, बर्फ चाचपायचा प्रोब नाही, फावडं नाही. हिमकड्याखाली गाडलेला माणूस वाचतो तो बहुतेक पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर, आणि तेवढ्या वेळात पोचू शकतात ते फक्त त्याचे सोबती. वळणं शिकवणारे कोर्स आपल्याकडे आहेत, त्यांना गर्दीही होते. शोध-बचावाचा सराव मात्र बहुतेकांनी एकदाही केलेला नसतो. मला यात चूक फक्त शिकणाऱ्यांची वाटत नाही. आपण विचारतोच ‘किती दिवसांत येईल?’ असं, आणि मग शिकवणाराही दिवसांत बसेल तेवढंच शिकवतो.

मी : पण एक आहे मामा. हे वाचणंही घरी बसून येत नाही. माझा इन्स्ट्रक्टर काठी बर्फात खुपसतो आणि हाताला काय लागतं त्यावरून सांगतो, वर कडक, मध्ये मऊ, खाली पोकळ. तो कुठलं बुलेटिन वाचत नाही असं नाही, वाचतो. पण हात वर्षानुवर्षं तिथेच असल्यामुळे त्याला बुलेटिनमधलं कळतं. मी दरवर्षी गेले नाही तर मला तेही यायचं नाही.

मामा : जा की. मी कधी जाऊ नको म्हणालो? मी तुझ्यासाठी वही घालतो. पहिल्या विक्षोभापासून. गुलमर्गची रोजची नोंद, दर गुरुवारचा कल, कोरडे दिवस. निघायच्या आदल्या दिवशी तुझ्याकडे देतो.

मी : चालेल.

मामा : आणि वर गेल्यावर बुलेटिन चारवर असेल तर?

मी : मैदानावर थांबेन. वळणं घोटत बसेन, ती कुठे आलीयेत अजून.

मामा : मैदानावर बर्फ नसेल तर?

मी : तर इन्स्ट्रक्टरला घेऊन गोंडोलाच्या तळाशी ट्रान्सिव्हर पुरेन आणि शोधून काढायचा सराव करेन. त्याला तीन फूट बर्फ लागत नाही.

मामा : दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढलेलं असेल.

मी : बुडेल.